टावेलाखालची डिग्री

गुरुपादप्पाच्या तोंडून कधी कुणी आकडा ऐकला न्हवता. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, तरी शांतम्माला आपलं मंगळसूत्र नवऱ्यानं केवढ्याला आणलं ते ठाऊक न्हवतं. मंगळसूत्राचं सोडा, मेथीची जुडी केवढ्याला आणली तेबी न्हाई. विचारलं की हा माणूस खांद्यावरचा टावेल उतरवायचा, त्याच्याखाली हात घालायचा आणि बायकोपुढं धरायचा.

"मला न्हाई कळत तुमचं ते बोटाचं," म्हणून शांतम्मा उठून चुलीकडं जायची.

आता ह्यात त्याचा तरी काय दोष? गुरुपादप्पा बैलांचा दलाल. घर लातुरात, पण पोट हाळीच्या बाजारात. तिथं बैलाची किंमत तोंडानं बोलणं म्हणजे भर बाजारात धोतर सोडणं. दोघं जण उकिडवं बसायचं, हातावर टावेल टाकायचा, आणि खाली बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं की एक, पंजा दाबला की पाच. समोरच्याची बोटं मिटवून त्याची मूठ केली, की 'न्हाई जमत.' आणि दोन्ही हातांनी त्याचा पंजा धरून कचकचून दाबला आणि सोडून दिला, की सौदा झाला! मग आभाळ फाटू द्या, बैल वाटंत मरू द्या, मागं फिरणं न्हाई.

गुरुपादप्पाचा हात म्हणजे तर काय सांगावं! एकदा त्यानं एका मालकाचा नुसता हात धरला आणि म्हणाला, "तुमचा बैल डाव्या डोळ्यानं कमी बघतोय." बैल बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला बांधलेला. लोकांनी जाऊन बैलाला विचारलं, तर त्यानं हाव म्हणून मान हालवली. बघितलेली माणसं अजून हायेत.

असा हा हात. ह्या हातानं देवणी बैलांच्या नामी जोड्या इकडच्या तिकडं केल्या. फक्त एका माणसाची मूठ काही त्याला करता आली न्हाई. ती म्हणजे त्याची लेक, वर्षाराणी. एकुलती एक. हिला 'न्हाई' म्हणायचं म्हटलं की अप्पाचा घसा बसायचा आणि बोटं लुळी पडायची. लहानपणी तिला बाजाराला नेऊन, टावेलाखाली तिचं इवलं बोट धरून त्यानं तिला आकडे शिकवले होते. शाळेतल्या बाईंनी दोन अन् दोन किती विचारलं, तर पोरगी बाईंचा हात धरायला उठली होती.

किल्लारीच्या भूकंपाला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि लातुरात दुसराच भूकंप चालू होता. ह्या भूकंपात घरं पडत न्हवती, चढत होती. जो तो मजला चढवूलालता. साऱ्या मराठवाड्याची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरली होती, आणि त्यांना झोपायला जागा पाहिजे होती. गुरुपादप्पाच्या शेजारच्या चतुराबाईनं तर वरच्या खोल्या दिल्या, मग खालच्या दिल्या, मग देवघर दिलं, आणि स्वतः पोरासुनंसकट गच्चीवर पत्र्याच्या शेडात राहायला गेली. देव फ्रीजवर. पलीकडचा महेबूब आधी शिलाई करायचा. त्यानं मशीन विकलं, मोठी पातेली घेतली, आणि त्याची बायको वहिदा दोन्ही वेळा पोरापोरींचे डबे करू लागली.

अशा गल्लीत वर्षाराणीनं बी.ए. पास झाल्यावर जाहीर केलं, "अप्पा, मला एमएसडब्ल्यू करायचंय. नांदेडला."

"त्यात कुठला अवयव येतो?" अप्पानं विचारलं. त्याला वाटलं डॉक्टरकीतलंच काहीतरी असंल.

"समाजकार्य, अप्पा. माणसांचं काम. दोन वर्षं. खर्च तुम्हाला झेपायचा न्हाई, तर बँकेचं शिक्षणाचं कर्ज काढू. सही तुमची लागते."

शांतम्मा चुलीपासनं म्हणाली, "ते किल्लारीच्या पोरीसारखं?"

तेच ते. शांतम्माचं माहेर किल्लारीच्या अलीकडं. भूकंपात तिचा भाऊ-भावजय गेले, आणि तिची आई सरजाबाई पत्र्याच्या शेडात नुसती बसून राहिली. महिनोन्महिने एक शब्द न्हाई. कुणी घोंगडी दिली, कुणी भांडी दिली, मंत्री येऊन हात जोडून गेले, म्हातारी गप्प. मग एक पिशवीवाली पोरगी यायला लागली. ती काही देत न्हवती. यायची, सरजाबाईच्या बाजूला बसायची, आणि सुपात दाळ निवडायची. रोज. वर्षाराणी तवा आठ वर्षांची, आजीकडंच होती, ती हे बघायची. एके दिवशी सरजाबाईनं त्या सुपाकडं पाहिलं आणि म्हणाली, "खडे ठिवलीस की गं. आईनं काही शिकवलं न्हाई का?" अन् मग जी बोलायला लागली, ती गेल्या साली मरेपर्यंत थांबली न्हाई. शेवटी शेवटी तर लोक म्हणायचे, त्या पोरीला परत बोलवा आणि हिला गप्प करायला लावा.

"हाव, तेच," वर्षाराणी म्हणाली. "ते शिकायचंय."

"नुसतं बसायला?" अप्पा म्हणाला. "बसायला कर्ज काढायचं?"

गल्लीत बातमी जायला चतुराबाईची गच्ची पुरेशी होती. संध्याकाळी ती स्वतःच खाली उतरली.

"अप्पा, मी आपली सांगते हं, माझं काय जातंय. कर्जच काढायचं तर डॉक्टरकीला काढावं. एकदा पाटी लागली की पेशंट स्वतःच्या पायानं येतो. हिच्याकडं कोण येणार? आणि आला तर पैसे काय द्यायचे, शेजारी बसली म्हणून? बसायला तर मीबी येते."

"तुमी तर फुकटबी लई बसता, मावशी," वर्षाराणी म्हणाली.

महेबूब आला तो डब्याच्या पिशव्या सायकलला लटकवूनच. "अप्पा, देखो, पोरगी हुशार हाय. पन हिसाब करो. कर्ज इधर, कमाई उधर. बीचमें क्या बचता? मेरी सुनो, बी. फार्म करो. मेडिकल टाको. लातूरमें हर पोट्ट्याचं डोकं दुखतंय!"

हिशोब तर गुरुपादप्पानं केलाच होता. आकडा तो बोलत न्हवता, पण मनात मोजायला माप लागतंच, आणि त्याचं माप बैल. वर्षाराणीनं आणलेल्या कागदावरनं त्यानं काढलं, की ही डिग्री म्हणजे दोन देवणी जोड्या, व्याज धरून वर एक कालवड. डॉक्टरकी म्हणजे वीस जोड्या आणि कासरे वेगळे. तशी ही डिग्री स्वस्तच म्हणायची. पण बैल घेताना नुसती किंमत बघत न्हाईत, तो ओढतो किती ते बघतात. आणि ही डिग्री ओढती किती, हे साऱ्या गल्लीत एकालाबी सांगता येईना.

बरं, लेकीला 'न्हाई' म्हणायचं तर घसा बसतोय. तवा गुरुपादप्पानं एक नामी युक्ती काढली. आपण कशाला वाईट व्हायचं? बँकेलाच न्हाई म्हणू द्या. आपण लेकीसंगं रुबाबात जायचं, साहेबाला गुपचूप सुचवायचं, साहेब कर्ज नाकारील, आपण जरा तोंड पाडायचं, आणि घरी यायचं.

दोघं गेले. बँकेचा मॅनेजर पटनाईक साहेब. लांब ओडिशाकडचा माणूस, लातुरात येऊन महिनाबी झाला न्हवता. मराठी न्हाई, पण स्वभावानं गोड. आलेल्या म्हाताऱ्यासाठी खुर्चीतनं उठायचा. वर्षाराणी कागद काढून राहिली होती, तेवढ्यात अप्पानं डाव साधला. खांद्यावरचा टावेल टेबलावर टाकला, त्याच्याखालनं साहेबाचा हात धरला, आणि हळूच त्याची बोटं मिटवायला लागला. म्हणजे, साहेब, न्हाई म्हणा.

पटनाईक साहेबाला आयुष्यात कुणी टावेलाखाली धरलं न्हवतं. त्याला वाटलं, हा इकडचा मान असंल. म्हातारं माणूस कापड पांघरून आशीर्वाद देऊन राहिलंय. त्याचे डोळे पाणावले. त्यानं दुसराबी हात टावेलाखाली घातला, अप्पाचा पंजा दोन्ही हातांत धरला, कचकचून दाबला, आणि मोठ्या प्रेमानं सोडून दिला.

गुरुपादप्पानं आपला पंजा टावेलाखालनं काढून बघितला.

सौदा झाला होता!

एवढ्यावर भागलं असतं, तरी माणूस गप घरी गेला असता. पण काचेच्या पलीकडं हाळीकडचे दोघं बैलवाले पासबुक भरायला उभे. त्यांनी टावेल बघितला, हात सुटलेला बघितला, आणि तिथनंच ओरडले, "अप्पा! बँकेतबी सौदा केलाव की!"

"केला की," अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आणि त्याच घटकेला पटनाईक साहेबानं कागद वाचले, चष्मा वर केला आणि म्हणाला, "एमएसडब्ल्यू? इसमें नौकरी क्या मिलेगी? लोन वापस कैसे होगा? माफ कीजिए, ऐसे तो मुश्किल है."

आता बघा, हेच तर अप्पाला पाहिजे होतं. घरनं निघताना ह्याच वाक्यासाठी त्यानं शंभू महादेवाला नारळ बोलला होता. पण सौदा झाल्यावर समोरचा मागं फिरतो? गुरुपादप्पाशी? साक्षीदार पलीकडं उभे असताना?

"साहेब," तो उठून उभा राहिला, "कर्ज द्यावं लागंल!"

वर्षाराणी बापाकडं बघतच राहिली.

"अप्पाजी, मैंने कब..."

"हात दाबलाव. सोडलाव. आता न्हाई म्हणूलालाव? आमच्याकडं असं करत न्हाईत!"

साहेबाला काही कळेना. शेवटी तो नरमाईनं म्हणाला, की पोरगी काय कमावंल त्याचा पुरावा आणा. कॉलेजचं पत्र आणा, नोकरी देणाऱ्याचं पत्र आणा, मग बघू.

झालं. जी डिग्री मोडायला गेला होता, तिचा दलाल होऊन गुरुपादप्पा बँकेतनं बाहेर पडला.

पुढच्या रविवारी हाळीला गेला, तर बातमी आधीच पोचलेली. टावेल पसरून बसला, तर कुणी हात देईना. एक जुनं गिऱ्हाईक पान थुंकून म्हणालं, "अप्पा, तुमचा सौदा बँकेत अडकलाय म्हणं. आधी तो सुटू द्या." दुपारपर्यंत एकच हात टावेलाकडं आला. तो एका घसरून पडलेल्या माणसाचा होता, उठायला आधार मागत होता. गुरुपादप्पानं त्याला उठवलं आणि टावेल झटकून घरी आला. त्या रात्री जेवला न्हाई. शांतम्मानं भाकरी झाकून ठेवली आणि म्हणाली, "आता नांदेडला जावा. बघून तर या, ती डिग्री ओढती किती."

नांदेडला गेला. लाल गाडी वाटंतल्या लोहा गावाला पंक्चर झाली, ते वेगळंच. कॉलेजात पोचला आणि खिडकीतल्या कारकुनाला विचारलं, "तुमच्याकडनं शिकून गेलेली पोरं पुढं पोटापुरतं कमावतात का?"

"असं सांगता येत न्हाई."

"का?"

"माहितीच्या अधिकारात अर्ज करा. नवीन कायदा आलाय."

"बरं, पोरीला प्रवेश मिळाल्याचं पत्र द्या. बँकेला पाहिजे."

"आधी फी भरा."

"फी बँक भरणार."

"मग बँकेकडनं घेऊन या."

"बँक म्हणती पत्र आणा!"

"मग पत्र घेऊन जा की."

"द्या की मग!"

"आधी फी भरा."

गुरुपादप्पानं खिडकीतनं आत हात घातला. सवयीनं. कारकुनानं खिडकी लावून घेतली. बोटं थोडक्यात वाचली, न्हाई तर बैलबाजाराचं लई नुकसान होतं.

मग तो कँटीनमध्ये बसला. तिथं एक जुना विद्यार्थी भेटला, नोकरीत असलेला, मोकळ्या मनाचा. अप्पानं टावेल काढायच्या आतच त्या पोरानं आपला पगार चारचौघांत मोठ्यानं सांगून टाकला. अप्पानं दोन्ही हातांनी कान झाकले. पण आकडा आत गेलाच. एसटीत बसून तो सारी वाट हिशोब करत आला. वर्षाला एक बैल, तोबी उतारवयाचा. त्यातनं पोरीचं खाणं-राहणं वजा केलं, तर उरती एक शेळी. दोन जोड्या आणि कालवड एका शेळीवर फेडायची? वर बँकेचा सौदा, तो मोडला तर बाजारात तोंड दाखवायला जागा न्हाई. मोडताबी येईना, आणि परवडंबी ना. असलं जनावर त्यानं जन्मात बघितलं न्हवतं.

घरी येऊन बघतो, तर दारात महेबूब उभा. हातात भरलेला डबा.

"अप्पा, वर्षाराणी किधर? नीलाबाईच्या होस्टेलची एक पोरगी, अफसाना, हमारे देगलूरकी. दो दिनसे डबा जैसा का तैसा वापस. कडी लावून बसलीय. वहिदा रोऊन राहिली, म्हणती वर्षाला बुलाव."

नीलाबाई म्हणजे लातुरातली मोठी असामी. मुलींची चार होस्टेलं. चालताना चाव्यांचा जुडगा असा वाजायचा, की पोरी चार मजले वरून दिवे बंद करायच्या. त्या दिवशी मात्र ती अफसानाच्या दारापुढं घामाघूम उभी होती. आठवड्याच्या परीक्षेचे मार्क कोचिंगवाल्यांनी फळ्यावर लावले, अफसानाचं नाव खालनं दुसरं, आणि तवापासनं दार बंद. देगलूरहून आईबाप निघालेत म्हणं. कोचिंगचे एक सर दाराच्या फटीतनं यशावर भाषण देऊन गेले होते. नीलाबाईनं स्वतः सुताराचा धाक घातला होता. आतनं एकदाच आवाज आला, "मी हाय बरी. जावा तुमी." बस.

वर्षाराणीनं नीलाबाईकडं बघितलं. "काकू, भुईमुगाच्या शेंगा हायेत का? सुपात द्या. आणि सगळे जावा इथून."

"शेंगा? काय नैवेद्य दाखवतीस काय दाराला?"

पण दिल्या. पुरुषांना वर बंदी, म्हणून गुरुपादप्पा जिन्याच्या खालच्या वळणावर बसला. तिथनं दार तेवढं दिसत होतं. वर्षाराणी दाराला पाठ लावून खाली बसली आणि शेंगा फोडायला लागली. कट्. कट्. बोलली न्हाई. हाका मारल्या न्हाईत. नुसतं कट्, कट्. अप्पाला तंबाखू आठवली, त्यानं खाल्ली. पंखा गेला, आला. नीलाबाई दोनदा येऊन बघून गेली आणि दोन्ही वेळा कपाळाला हात लावून गेली. सुपात टरफलांचा ढीग झाला.

मग दारामागनं आवाज आला. "कोण हाय?"

"मी. वर्षाराणी. डब्यावाल्या वहिदाभाभीच्या शेजारची."

"काय करूलालीस?"

"शेंगा फोडूलाले."

"नुसत्याच?"

"हाव."

आणखी चार-पाच शेंगा फुटल्या. "कडू हायेत का?"

"काय की. मी खाल्ल्या न्हाईत. एकटीनं खायला बरं वाटंना."

कडी वाजली. दार चार बोटं उघडलं, आणि फटीतनं एक हात बाहेर आला. तळवा वर. तोंड न्हाई, बाकी काही न्हाई, नुसता हात. वर्षाराणीनं त्याच्याकडं वळून बघितलंसुद्धा न्हाई. मूठभर दाणे त्या तळव्यावर ठेवले, आणि वर आपला हात ठेवला. क्षणभरच. बोटं त्या बोटांवर जराशी दाबली.

जिन्यात बसलेला गुरुपादप्पा उठून उभा राहिला. तंबाखू गिळली गेली, तरी कळलं न्हाई. अगं बया! हे तर आपलंच काम! तोंडानं बोलायचं न्हाई, घाई करायची न्हाई, समोरच्याचा हात आपणहून येईपर्यंत दम धरायचा. आणि आला की त्यात किती बळ उरलंय ते बोटांनी ओळखायचं. तो इथं साऱ्या जिल्ह्यात आपल्या हाताचा डांगोरा पिटून राहिला होता, आणि पोरगी बैल सोडून माणसांचा बाजार करत होती!

संध्याकाळी अफसाना वहिदाचा डबा चाटून-पुसून खाऊन, आईबापांबरोबर चहा पीत बसली होती, आणि त्यांना सांगत होती की शेंगा जराशा कडूच होत्या.

नीलाबाई व्यवहाराची बाई. तिनं वर्षाराणीला बाजूला घेतलं. "डिग्री-बिग्री ऱ्हाऊ दे. उद्यापासनं माझ्याकडं ये. चारी होस्टेलं बघ. कर्ज न्हाई, व्याज न्हाई, दोन वर्षं वाया न्हाईत. पगार उद्यापासनं चालू."

अप्पा एक पायरी वर चढला. कर्जाशिवाय कमाई! आत्ता हाव म्हणाली तर सारंच मिटलं. पण वर्षाराणी मान हालवून म्हणाली, "न्हाई काकू. आज शेंगांवर भागलं, ते नशीब. अफसाना स्वतःच बाहेर यायच्या बेतात होती. उद्या दुसरी कुणी बसंल कडी लावून, तिला शेंगांनी काही होणार न्हाई. तवा काय करायचं, ते मला येत न्हाई. येत न्हाई ते येतंय म्हणून तुमच्या पोरी माझ्या हातात घेऊ काय? शिकून येते. दोन वर्षं थांबा."

नीलाबाईचा जुडगा वाजायचा थांबला. "आणि थांबले, तर दुसऱ्या होस्टेलवाल्याकडं जाशील."

"मग आत्ताच बांधून ठेवा," जिन्यातनं गुरुपादप्पा गरजला. "गाभण गाय बाजारात विकतातच की! वासरू मागनं येतं!"

"अप्पा!" वर्षाराणी ओरडली. "मी गाय न्हाई!"

"बरं, न्हाईस. पण बँकेत चल."

दुसऱ्या दिवशी बँकेत जत्रा. पुढं चाव्या वाजवत नीलाबाई, मागं वर्षाराणी, तिच्यामागं टावेल सावरत गुरुपादप्पा, आणि कशालाबी संबंध नसताना पासबुक हलवत चतुराबाई. नीलाबाईची ठेव त्या बँकेत एवढी होती, की तिला बघून शिपायानं पंखा तिच्याकडं वळवला.

"हिला दोन वर्षांनी मी नोकरी देणार. लिहून देते," नीलाबाई म्हणाली. "आणि साहेब, माझी अजून दोन होस्टेलं चढूलालीत. तवा तिला कामाचा तुटवडा पडायचा न्हाई."

पटनाईक साहेब खूष झाला. "बहुत अच्छा! बस, सैलरी कितनी देंगी, वो लिख दीजिए."

इथं घोडं अडलं. पगार ठरलाच न्हवता. आणि ठरवायचा तर चतुराबाईपुढं? आज संध्याकाळी तो आकडा साऱ्या लातुरातल्या होस्टेलवाल्यांना कळला असता, आणि उद्या प्रत्येक जण नीलाबाईच्या वर एक बोट चढवून वर्षाराणीच्या दारात उभा! नीलाबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

गुरुपादप्पानं हळूच खांद्यावरचा टावेल काढला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, तो दुसऱ्याच्या हातात दिला. लेकीच्या.

"काकू," वर्षाराणी म्हणाली, "हात द्या."

नीलाबाईचं बालपण हाळीला लागूनच्या हंडरगुळीतलं. तिचा बाप बैल पाळायचा. बाईमाणसानं टावेलाखाली हात घातल्याचं मात्र तिनं कधी ऐकलं न्हवतं. तिनं जुडगा टेबलावर ठेवला, पदर कमरेला खोचला, आणि हात घातला.

मग जे झालं, ते त्या बँकेनं परत बघितलं न्हाई. टावेल वर-खाली होऊन राहिला. नीलाबाईनं काहीतरी धरलं. वर्षाराणीनं तिची बोटं मिटवून मूठ केली. नीलाबाईच्या भुवया वर गेल्या. परत धरलं; परत मूठ! कॅशिअरनं नोटा मोजायच्या सोडल्या. चतुराबाई टावेलाच्या कडेखालनं बघायला एवढी वाकली, की तिचा चष्मा साहेबाच्या चहात पडला. नीलाबाईच्या कपाळावर घाम आला, मग ओठांवर हसू आलं. शेवटी तिनं दुसरा हात आत घातला, पोरीचा पंजा कचकचून दाबला, आणि सोडला.

"काय पोरगी हाय!" ती म्हणाली आणि साहेबाच्या कागदावर आकडा लिहून, घडी घालून, त्याच्याच हातात दिला. साहेबानं एकट्यानं वाचला. डोळे मोठे केले. कॉम्प्युटरवर काहीतरी बडवलं, हप्ते मांडले, परत बडवलं.

"निकलता है," तो म्हणाला. "आराम से निकलता है. कॉलेज को मैं आज ही फोन करता हूँ." आणि मग टावेलाकडं बोट दाखवून हळूच विचारलं, "पर ये सब क्या था?"

नीलाबाईनं सांगितलं. मूठ म्हणजे काय, पंजा दाबणं म्हणजे काय. साहेबाचा चेहरा पडला. "और मैं समझा, अप्पाजी आशीर्वाद दे रहे हैं!" मग त्याला आणखी आठवलं. "लेकिन उस दिन आप मेरी उँगलियाँ मोड़ रहे थे. तो आप क्या कह रहे थे?"

सगळी बँक गुरुपादप्पाकडं बघू लागली. वर्षाराणीबी.

गुरुपादप्पानं घसा खाकरला. "हेच की साहेब. द्या म्हणून."

वर्षाराणीला तो हात लहानपणापासनं वाचता येत होता. तिनं नुसता टावेल झटकला, नीट घडी केला, आणि अप्पाच्या खांद्यावर ठेवला. अप्पानं सही केली. अशी ऐटीत केली, की कागद पलीकडनं फाटला आणि दुसरा छापावा लागला.

पलीकडं तेच दोघं बैलवाले उभे होते. ह्या वेळी गुरुपादप्पाच त्यांच्याकडं बघून ओरडला, "हाळीत सांगा! सौदा सुटला म्हणावं! येत्या रविवारी हात धुऊन या!"

ते गल्लीत पोचले तवा वहिदानं शिऱ्याचं पातेलं काढलं होतं, महेबूब सायकलची घंटी वाजवत पुढं, आणि चतुराबाई चहात बुडालेला चष्मा पुसत सगळ्यांना एकच विचारत होती, "किती ठरला गं? निदान पंजाच्या खाली का वर, तेवढं तरी सांग." पण पोरगी हसून पुढं गेली. गुरुपादप्पाबी हसत होता, पण त्याचं हसू जरा खोलगट होतं. कारण किती ठरला, ते त्यालाबी ठाऊक न्हवतं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एक सौदा त्याच्याच टावेलाखाली झाला, आणि तो टावेलाच्या वर राहिला.

घरात शिरल्या शिरल्या शांतम्मानं हात पुसले आणि लेकीपुढं पदर धरला. "आण इकडं."

वर्षाराणीनं पदराखाली हात घातला. शांतम्मानं बोटं चाचपली. एकदा. मग परत एकदा, खात्री करायला. आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "एवढंच? अगं, ती अजून एक बोट चढली असती! बापासारखीच घाई!"

गुरुपादप्पा उंबऱ्यातच थांबला. "तुला... तुला येतंय हे?"

"येतंय की. लग्नाच्या पहिल्या सालापासनं येतंय. मेथीची जुडीसुद्धा तुमी महागात आणता, म्हणून मी विचारायचं सोडलं."

मायलेकी हसायला लागल्या. गुरुपादप्पा एकदा हिच्याकडं बघे, एकदा तिच्याकडं. आणि मग त्या माणसानं, ज्यानं उभ्या जन्मात किंमत तोंडानं विचारली न्हवती, कळवळून विचारलं, "किती गं? सांग की. किती ठरला?"

"तोंडानं काय विचारता, भर घरात?" शांतम्मा म्हणाली. "टावेल आणा."